‘घेऊ नका’ला कमिशन नसतं

काही वर्षांपूर्वी मला एका मुलीचा मेल आला. तिला घरच्या घरी गोष्टी वाचून रेकॉर्ड करायच्या होत्या, पण प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याची घरघर येत होती. ‘कुठला मायक्रोफोन घेऊ?’ एवढंच तिने विचारलं होतं. मी तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या साहित्याबद्दल नियमित लिहायचो आणि माझ्या लिंकवरून कुणी काही विकत घेतलं की मला त्याचं कमिशन मिळायचं. मी तिला तीन मायक्रोफोन सुचवले, तिन्हींच्या लिंक दिल्या. तिने त्यातला एक कंडेन्सर मायक्रोफोन मागवला. कंडेन्सर फार संवेदनशील असतो. खोलीत जे जे वाजतं ते सगळं तो टिपतो. घरघर कमी व्हायच्या ऐवजी आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद कर, खिडकीवर जाड पांघरूण टाक, हातात आहे तोच फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धर आणि एकदा ऐकून बघ. या उत्तरात विकत घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते मला त्या वेळी सुचलंच नाही. मी खोटं बोललो नव्हतो. तिन्ही मायक्रोफोन चांगले होते. तरीही सल्ला चुकला होता, आणि तो का चुकला हे मला कळलं ते तिने वस्तू परत केल्यावर, कमिशनचा हिशेब दाखवणाऱ्या पानावर, म्हणजे डॅशबोर्डवर, तिच्या ऑर्डरपुढे उणे चिन्ह लागलेलं पाहिल्यावर.

आपल्या लिंकवरून दुसऱ्याची वस्तू विकली गेली की कमिशन घ्यायचं, या पद्धतीला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. तिच्याबद्दल एवढं बोललं जातं, पण त्यात हा मुद्दा सहसा निघत नाही. कुणी सांगतं की झोपेतही पैसे येत राहतात, कुणी सांगतं की हा सगळाच लबाडीचा धंदा आहे. या कामावर प्रामाणिकपणे पोट भरणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मीही त्यातलाच एक आहे, त्यामुळे मला यातलं एकही टोक पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या पद्धतीची झळ वाचकाच्या खिशाच्या आधी त्याला मिळणाऱ्या सल्ल्याला लागते, आणि ती त्याला दिसत नाही. ती दिसावी म्हणून कमिशन घेणाऱ्याने ते लिंकच्या शेजारीच, कुणालाही कळेल अशा शब्दांत सांगितलं पाहिजे. आणि ते सांगितलं जातंय का, हे बघण्याची जबाबदारी कमिशन देणाऱ्या कंपनीवर कायद्याने टाकली पाहिजे.

व्यवहार कसा चालतो ते आधी पाहू. कंपनी प्रत्येक अफिलिएटला, म्हणजे लिंक देणाऱ्याला, त्याचा स्वतःचा कोड देते. तो कोड लिंकच्या शेपटाला जोडलेला असतो; अशी एखादी लिंक कॉपी करून बघा, बहुतेक वेळा प्रश्नचिन्हानंतर जी अक्षरं आणि आकडे लागतात त्यात तो सापडेल. वाचकाने लिंकवर क्लिक केलं की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटीशी नोंद बसते. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली की त्या नोंदीवरून ओळख पटते आणि किमतीतला काही टक्के हिस्सा अफिलिएटच्या खात्यात जमा होतो. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात ही मुदत साधारण २४ तासांची आहे, इतर अनेक ठिकाणी ३० दिवसांची किंवा त्याहून जास्त. वस्तू परत आली की कमिशनही परत जातं.

ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. गाणी विकणाऱ्या सीडीनाऊने १९९४ मध्ये अशी योजना आणली, अ‍ॅमेझॉनने जुलै १९९६ मध्ये ‘असोसिएट्स’ सुरू केलं, आणि १९९८ मध्ये आलेल्या क्लिकबँक, कमिशन जंक्शन यांसारख्या मध्यस्थांमुळे छोट्या विक्रेत्यांनाही हे दार उघडलं. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे सोन्यासारखं आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे पैसे माल विकला जावो न जावो, द्यावेच लागतात. इथे विक्री झाल्याशिवाय एक पैसाही जात नाही. लिहिण्याचा, वस्तू वापरून बघण्याचा, फोटो काढण्याचा, वाचक जमवण्याचा सगळा खर्च आणि सगळा धोका अफिलिएटच्या पदरात.

हा धोका किती मोठा असतो ते एप्रिल २०२० मध्ये पुष्कळांना कळलं. अ‍ॅमेझॉनने जेमतेम आठवडाभर आधी कळवून आपले दर उतरवले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं, किराण्यावरचं ५ वरून १ टक्क्यावर. ज्यांनी पाच-सहा वर्षं खपून त्या विषयावर शेकडो लेख लिहिले होते, त्यांचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. करारात कंपनीला तो अधिकार होताच. ‘स्वतःचा व्यवसाय’ म्हणून जो विकला जातो, त्यातली किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते हे नव्याने येणाऱ्याला कुणी आधी सांगत नाही.

आता सल्ल्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

समजा मला ‘फोटो संपादित करण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर वापरावं’ यावर लिहायचं आहे. माझ्यासमोर पाच पर्याय आहेत. त्यातले दोन फुकट आहेत, चांगले आहेत, आणि त्यांच्यावर मला काहीही मिळत नाही. दोन विकत घ्यायचे आहेत, त्यांच्यावर एकदाच थोडंसं मिळतं. पाचवं दरमहा वर्गणीचं आहे आणि वर्गणी चालू असेपर्यंत माझं कमिशनही चालू राहतं. आता मी कितीही सरळ माणूस असलो तरी पाचव्याबद्दल लिहिताना माझा हात सैल सुटतो. त्याचे स्क्रीनशॉट जास्त येतात, त्याचे दोष ‘किरकोळ’ होतात. फुकटवाल्यांना शेवटी एका परिच्छेदात जागा मिळते, तीसुद्धा ‘नवशिक्यांसाठी ठीक’ अशा शब्दांत. यात कुठलंही वाक्य खोटं नसतं. खोटेपणा क्रमात असतो, लांबीत असतो, आणि सगळ्यात जास्त असतो तो गाळलेल्या गोष्टींत.

गाळलेल्या गोष्टींची यादी करून बघा. जुनी वस्तू दुरुस्त करून घ्या, याला कमिशन नाही. मित्राकडून आठवडाभर मागून आणा, याला नाही. ग्रंथालयात ते पुस्तक मिळतं, याला नाही. गेल्या वर्षीचं मॉडेल तुमच्याकडे आहे ना, मग या वर्षी थांबा, याला नाही. तुमची अडचण वस्तूने सुटणारी नाहीच, सवय बदला, याला तर नाहीच नाही. घरातलं शहाणं माणूस जो सल्ला सगळ्यात आधी देईल, नेमका तो सल्ला या पद्धतीत सगळ्यात आधी गळून पडतो. पन्नास ठिकाणी पन्नास जणांकडून तो गळला की शोधणाऱ्याला वाटायला लागतं की असा पर्यायच नाही. त्याच्यासमोर फक्त ‘कुठलं घेऊ’ एवढाच प्रश्न उरतो. ‘घेऊ का’ हा प्रश्न त्याने विचारण्याआधीच काढून घेतलेला असतो.

म्हणूनच ‘वाचकाला जास्तीचा एक पैसाही पडत नाही’ हे नेहमीचं वाक्य मला अपुरं वाटतं. मी स्वतः ते वर्षानुवर्षं लिहिलं आहे. लिंकवरून घ्या की थेट घ्या, किंमत बहुतेक वेळा तीच असते, इथपर्यंत ते खरं आहे. पण जी वस्तू घ्यायचीच नव्हती ती घेतली गेली, तर तिची सगळीच्या सगळी किंमत जास्तीची झाली. त्या मुलीने वस्तू परत केली. परत करायचा कंटाळा करून कपाटात ठेवून देणारे किती असतील, हे मला माझ्या डॅशबोर्डवर कधीच दिसणार नाही. तिथे ती ओळ हिरवीच राहते.

मग कमिशन घेणंच बंद करावं का? मला तसं वाटत नाही. वस्तू विकत आणून, महिना-महिना वापरून, मोजमापं घेऊन लिहायला पैसा लागतो, आणि तो वाचक देत नसेल तर कुठून तरी यावा लागतो. हे नीट करता येतं याचा दाखलाही आहे. २०११ मध्ये सुरू झालेलं वायरकटर हे वस्तूंच्या परीक्षणांचं संकेतस्थळ अफिलिएट कमिशनवरच उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे ३ कोटी डॉलर्सना विकत घेतलं. तिथे लेखक-संपादकांना कुठल्या कंपनीकडून काय मिळतं हे कळू दिलं जात नाही, असं त्यांचं जाहीर धोरण आहे. लिहिणाऱ्याचा हात आणि पैसे मोजणाऱ्याचा हात वेगळा ठेवणं मोठ्या संस्थेला जमतं. खोलीत एकट्याने बसून लिहिणाऱ्याला ते कसं जमणार? त्याचे दोन्ही हात एकाच माणसाचे. त्याच्यापुढे एकच मार्ग राहतो, तो म्हणजे वाचकाला उघड सांगणं.

पण उघड सांगणं कशाला म्हणायचं? बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत एक ओळ असते: ‘या पानावर अफिलिएट लिंक असू शकतात.’ ‘असू शकतात’ म्हणजे काय? त्या आहेत की नाहीत, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. आणि ‘अफिलिएट’ हा शब्द या धंद्याबाहेरच्या माणसाला कितपत कळतो? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने, हा प्रश्न सरळ हाताळला आहे. नुसतं ‘अफिलिएट लिंक’ असं लिहिणं पुरेसं नाही, कारण लिंक देणाऱ्याला पैसे मिळतात हे वाचकाला त्यावरून समजेलच असं नाही, अशी तिची भूमिका आहे. शिफारस आणि खुलासा एकमेकांजवळ असावेत, खुलासा शोधावा लागू नये, असंही ती सांगते. तिने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत इंटरनेटवर लिहिणाऱ्यांना आणलं आणि २०२३ मध्ये त्या आणखी कडक केल्या. मी यात एक भर घालीन. ‘मला पैसे मिळतात’ याच्या जोडीला ‘ही वस्तू मी स्वतः वापरली आहे’ किंवा ‘वापरलेली नाही’ हेही तिथेच लिहिलं जावं. वस्तू हातात न घेता, दुसऱ्यांचे अभिप्राय चाळून तयार केलेल्या ‘सर्वोत्तम दहा’च्या याद्यांनी इंटरनेट भरून गेलं आहे, आणि आता तर यंत्राकडून अशी यादी काही मिनिटांत लिहून घेता येते. वापरलेली नाही हे लिहावं लागलं, तर त्यातल्या पुष्कळ याद्या आपोआप थांबतील.

यावर माझ्या ओळखीचे सहव्यावसायिक म्हणतात की असं ठळक लिहिलं तर क्लिक कमी होतात. होतात, मी करून पाहिलं आहे. माझे पहिल्या दोन महिन्यांत चांगलेच कमी झाले. पण मग आधीचे जे जास्तीचे क्लिक होते ते कशाचे होते? पैसे मिळतात हे माहीत असतं तर ज्याने क्लिक केलं नसतं, त्याचा क्लिक मी त्याला अंधारात ठेवून मिळवला होता. तो गेला याचं दुःख करण्याचा मला हक्क नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रामाणिक माणूस सांगेल आणि बाजूचा सांगणार नाही, मग प्रामाणिकच मार खाईल. अगदी खरं. म्हणूनच हे एकेकाच्या सद्‌बुद्धीवर सोडून चालणार नाही आणि म्हणूनच मी कंपनीकडे बोट दाखवतो. हजारो लिहिणाऱ्यांवर कुठलीच सरकारी यंत्रणा नजर ठेवू शकत नाही. पण त्या हजारोंना पैसे देणाऱ्या कंपन्या मोजक्या असतात, आणि कोणता क्लिक कुठल्या पानावरून आला याची सेकंदासेकंदाची नोंद त्यांच्याकडे असते. कमिशन चुकतं करण्याआधी त्या पानावर खुलासा आहे का, हे तपासणं त्यांना सहज शक्य आहे. आपलं नाव परवानगीशिवाय जाहिरातीत कुणी वापरलं तर त्या ते लगेच हुडकून काढतात. इच्छा असली की नजर पोहोचते.

हे तत्त्व न्यायालयात टिकतंही. गिटार शिकवणाऱ्या डीव्हीडी विकणाऱ्या लेगसी लर्निंग या कंपनीचे अफिलिएट सामान्य ग्राहक किंवा तटस्थ परीक्षक असल्याचं भासवून तारीफ करत होते. फेडरल ट्रेड कमिशनने अफिलिएटच्या कृत्यांसाठी कंपनीलाच धरलं आणि २०११ मध्ये तिने अडीच लाख डॉलर्स भरून प्रकरण मिटवलं. त्याहून मोठं प्रकरण लीडक्लिक या मध्यस्थ कंपनीचं. तिच्या जाळ्यातले अफिलिएट वजन घटवण्याच्या उत्पादनांसाठी हुबेहूब बातम्यांसारखी दिसणारी खोटी पानं बनवत होते. ‘आम्ही फक्त जोडून देतो, लिहितात ते’ हा बचाव २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने मानला नाही आणि सुमारे १ कोटी १९ लाख डॉलर्सची भरपाई कायम केली. असे निकाल एखाद-दुसरे न राहता नियम झाले, तर कंपन्या स्वतःहून चाळणी लावतील.

चाळणी नसल्याचा तोटा फक्त वाचकाला होतो असंही नाही. ज्याच्या लिंकवर शेवटचा क्लिक, त्याला कमिशन, हा या व्यवहाराचा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे मेहनत एकाची आणि पैसे भलत्याचे, असं सर्रास घडतं. वाचकाने कुठलाही क्लिक केलेला नसताना त्याच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी पेरून ईबेकडून लाखो डॉलर्सचं कमिशन उकळणाऱ्या दोघा बड्या अफिलिएटना २०१४ मध्ये अमेरिकेत तुरुंगवास झाला. कुपन शोधून देणारं हनी नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या पेपालने सुमारे ४ अब्ज डॉलर्सना विकत घेतलं होतं. पैसे भरण्याच्या क्षणी ते मूळ शिफारस करणाऱ्याचा कोड काढून स्वतःचा बसवतं, असा आरोप डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे झाला आणि त्यावरून खटले उभे राहिले. पुढच्या मार्चमध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम बदलला: वापरणाऱ्याला प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर अफिलिएट कोड घुसवायचा नाही. इतकी वर्षं हे चाललं, कारण कमिशन कुणाला आणि कशाबद्दल जातंय हे पाहण्याची पैसे देणाऱ्यांना फारशी गरज वाटली नाही. त्यांची विक्री तर होतच होती.

शेवटी त्या मुलामुलींबद्दल बोलायचं आहे ज्यांना हे सगळं ‘घरबसल्या कमाई’ म्हणून शिकवलं जातं. मला त्यांचे मेल अजून येतात. ‘सर, कुठला विषय निवडू, कशात जास्त पैसे आहेत?’ या प्रश्नातच घोळ आहे. विषय आधी असावा लागतो. ज्याने सायकली उघडून-जोडून हात काळे केले आहेत, त्याला सायकलीच्या साखळीबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि त्याचं कुणी ऐकतं. विषय नसलेल्या माणसाला हा धंदा शिकवला की त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात: न वापरलेल्या वस्तूंची स्तुती करणं, किंवा हाच धंदा शिकवण्याचा कोर्स पुढच्याला विकणं.

दुसऱ्या वाटेवर फार पैसा आहे आणि फार पाप आहे. मोब या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी एक कंपनी ‘२१ पायऱ्यांची’ ऑनलाइन कमाईची पद्धत शिकवायची. सुरुवात ४९ डॉलर्सपासून, मग एकेक पायरी चढवत हजारो डॉलर्सची सदस्यत्वं. आतलं गुपित काय होतं? तीच सदस्यत्वं दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवा. २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ती बंद पाडली, तोवर लोकांचे साडेबारा कोटी डॉलर्सहून अधिक गेले होते. अशा ठिकाणी भरतात ते पैसे चैनीचे नसतात. साठवलेले असतात, कुणी कर्ज काढून आणलेले असतात, घरच्यांपासून लपवून भरलेले असतात. कोर्स विकणाऱ्याने आपल्या कमाईचा स्क्रीनशॉट दाखवताना त्यातली किती कमाई कोर्स विकूनच झाली आणि किती इतर वस्तूंच्या शिफारशींतून, हे दोन आकडे वेगवेगळे दाखवणं सक्तीचं करावं, असं मला फार वाटतं. तेवढ्या एका नियमाने कितीतरी घरं वाचतील.

मेल करणाऱ्या मुलांना मी माझी एक साधी आकडेमोड पाठवतो. समजा हजार जणांनी तुमचा लेख वाचला, त्यातल्या पन्नास जणांनी लिंक दाबली, पन्नासातल्या दोघांनी वस्तू घेतली आणि दोघांपैकी एकाने परत केली. एका वस्तूवरचे तीन-चार टक्के हाती आले. आता तो लेख लिहायला किती दिवस लागले ते मोजा. हे वाचून काही जण पुन्हा लिहीत नाहीत. काही जण कळवतात की विषय त्यांचा जिव्हाळ्याचा आहे, पैसे मिळाले तर मिळाले, लिहिणार आहेतच. त्यांना मी मनापासून मदत करतो, पहिला करार वाचायलाही सोबत बसतो.

मायक्रोफोनवरचं माझं ते जुनं पान अजून आहे. त्याची सुरुवात मी बदलली. आता तिथे पहिल्या परिच्छेदात पंखा, खिडकी, पांघरूण आणि फोन धरायचं अंतर आहे. त्याखाली लिहिलं आहे: ‘एवढं करून आवाज सुधारला असेल तर इथेच थांबा, काही घेऊ नका. नसेल सुधारला तर पुढे चार मायक्रोफोनबद्दल वाचा. तीन मी स्वतः वापरले आहेत, चौथा वापरलेला नाही. पहिल्या दोनवर मला कंपनीकडून पैसे मिळतात, तिसऱ्यावर आणि चौथ्यावर मिळत नाहीत.’ बरेच जण पहिल्या परिच्छेदावरच थांबतात. त्या मुलीला मी ते पान पाठवलं होतं. दोन दिवसांनी तिचं रेकॉर्डिंग आलं, पंख्याविना, जुन्या फोनवर केलेलं.